पूजेला बसवलेलं किट

रिकाम्या खोक्याची पूजा करायला माझ्या भावजयीने साफ नकार दिला, आणि तिथून हा सगळा घोळ सुरू झाला. पण आधी ते खोकं घरात आलं कसं, ते सांगायला हवं.

डहाणूत माझ्या धाकट्या भावाची रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. खाली लॅब, वर घर. मी तलासरीच्या आश्रमशाळेतून मराठीची बाई म्हणून निवृत्त झाले आणि त्याच्याकडे राहायला आले. सकाळी मी खाली काउंटरवर बसते. वर बसून लोकांना नावं ठेवण्यापेक्षा खाली बसून ठेवलेली बरी, माणसं ताजी मिळतात. नावं ठेवणं हा माझा स्वभावच आहे, आणि त्याची मला कधी लाज वाटलेली नाही. लोक इतकी सोय करून देतात की नावं न ठेवणं हा त्यांचा अपमान होईल.

भाऊ कामाला वाईट नाही. साखर, थायरॉईड, डेंग्यू हे सगळं तो नीट करतो. त्याचा रोग वेगळाच आहे. "डहाणूत कुणाकडे नाही" एवढं वाक्य कानावर पडलं की त्याच्या डोळ्यांत पाणी तरळतं आणि हात खिशाकडे जातो. पूर्वी एकदा असंच डहाणूत कुणाकडे नसलेलं एक यंत्र त्याने आणलं होतं. आता त्यावर प्लॅस्टिकचं कापड टाकून पाण्याचा जार ठेवलाय, आणि जार ठेवायला ते खरंच चांगलं आहे.

वापीहून एक विक्रेता यायचा. ऑक्टोबरच्या उकाड्यात टाय लावून. भावजयीने त्याला घोलवडचे चिकू कापून दिले, ते त्याने टायवर सांडत खाल्ले आणि म्हणाला, "साहेब, आखा पालघर जिल्ल्यामां आ किट कोणाकडे नथी." झालं! डहाणू सोडून एकदम जिल्हा! मी भावाचा चेहरा पाहिला आणि काय ते समजले.

त्या माणसाने जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्याच्या शब्दांत निम्मं 'एकदम सरस' होतं. पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं. 'वाढ' असा निरोप आला की ते तो झेलतं आणि आत पोचवतं. छातीच्या काही गाठींमध्ये हे निरोप घेणारं प्रथिन बेसुमार होतं, आणि पेशी वाढत सुटतात. अशा गाठींसाठी नेमकं त्या प्रथिनालाच जाऊन धरणारं इंजेक्शन असतं. प्रथिन जास्त असेल तर त्या इंजेक्शनचा उपयोग, नसेल तर नाही. म्हणून ते किती आहे हे आधी कळावं लागतं, आणि हे किट म्हणे ते रक्तातून मोजतं. बारीक खाचांची एक ताटली, औषधांच्या चिमुकल्या बाटल्या, शेवटी पिवळा रंग. रंग जितका गडद तितकं प्रथिन जास्त. रंग वाचायचं यंत्र डेंग्यूसाठी भावाकडे होतंच. विक्रेता त्या प्रथिनाला 'पेशीचा अँटेना' म्हणाला. तो शब्द भावाला इतका आवडला की पुढे कित्येक दिवस तो भाजीवालीलासुद्धा अँटेना समजावत होता. तिने त्याला शिळी गवार दिली.

आता ज्या बाईसाठी हे सांगतेय तिच्याकडे येते.

आमच्या आश्रमशाळेत एक स्वयंपाकीण होती. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पाड्यावरची. मी तिथे शिकवायला लागले त्या दिवसापासून निवृत्त झाले त्या दिवसापर्यंत मी तिच्या डाळीला नावं ठेवली. डाळ खारट. डाळ पातळ. डाळ पातळ असूनही खारट, हे तुला जमतं कसं? ती पळी आपटून म्हणायची, "बाई, तुमची कविता पोरं झोपून ऐकतात, माझी डाळ जागी राहून खातात." मैत्री म्हणावी असं आमच्यात काही नव्हतं. फक्त ज्या दिवशी ती रजेवर असे त्या दिवशी मला जेवण जात नसे.

तिला छातीत गाठ झाली. तिने ती लपवली, मग लेकीने पाहिली, मग मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन होऊन गाठ निघाली. गाठीचा तुकडा तपासला, तर त्या प्रथिनाचं उत्तर मधलं आलं. आहे म्हणावं असं नाही आणि नाही म्हणावं असंही नाही. डॉक्टरांनी तिला सांगितलं की तोच तुकडा आणखी एका पद्धतीने तपासू, अमुक तारखेला ये, तुझी सही लागेल, आणि उशीर करू नकोस. त्या उत्तरावर तिचं इंजेक्शन अवलंबून होतं, आणि इंजेक्शनवर ती.

तारखेआधी हिमोग्लोबिन बघायला ती आमच्याकडे आली आणि भावाने तिचे कागद पाहिले. त्याचं तोंड असं उजळलं की जणू तिला गाठ त्याच्यासाठीच झाली होती.

"मावशी, कशाला मुंबईच्या खेपा घालता? ते जे शोधतायत ते मी इथेच रक्तातून मोजतो. पैसे नकोत. किट दसऱ्याला येतंय."

माझा भाऊ लोभी नाही, तेवढं मी कबूल करते. लोभी असता तर परवडला असता, ती बाई पैशाला घाबरून मुंबईला तरी गेली असती. फुकट म्हटल्यावर ती थांबली.

किट आलं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी, थर्माकोलच्या पेटीत, बर्फाच्या पिशव्यांसह. ते थंड ठेवायचं असतं हे भावाला पक्कं ठाऊक होतं. त्याने ते लगेच फ्रीजमध्ये टाकलं. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं, म्हणून मला संशय यायला हवा होता.

आमच्या घरी दसऱ्याला लॅबमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. मायक्रोस्कोप, रक्त फिरवायचं यंत्र, रंग वाचायचं यंत्र, सगळ्यांना झेंडूच्या माळा आणि हळदकुंकू. वर्षाची नवी वस्तू मध्यभागी, पाटावर. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता टाकून हलवेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. भावाने पाटावर किटचं नुसतं खोकं ठेवलं, आतला माल फ्रीजमध्येच. भावजयीने ते उचलून पाहिलं.

"हे हलकं का लागतंय?"

"बाटल्या फ्रीजमध्ये आहेत."

"रिकाम्या खोक्याची पूजा करतात का कुठे? वर्षभर खोकंच रिकामं राहायचं!"

भाऊ दोन वाक्यं बोलला, तिसऱ्याला गप्प बसला आणि बाटल्या, ताटली, सगळं आणून खोक्यात भरलं. समई विझू नये म्हणून पंखा बंद. एसी बंद. खिडक्या बंद, कारण समोरच्या रस्त्याची धूळ नैवेद्यावर येते. मी मागे खुर्चीत बसून पदराने वारा घेत होते आणि एवढ्या शिकलेल्या माणसाने खोक्याला नमस्कार करावा याची मनातल्या मनात मजा घेत होते. दिवसभर आणि रात्रभर ते किट समईशेजारी तसंच बसून राहिलं. सकाळी नैवेद्याचं दूध नासलेलं निघालं. भावजयीने नाक मुरडून ते तुळशीमागे ओतलं. किटला नाक मुरडायचं कुणाला सुचलं नाही, कारण किटला वास येत नाही.

मग त्या बाईचं रक्त घेतलं. भावाने दार लावून घेऊन दिवसभर ताटलीवर काम केलं आणि बाहेर आला तो हात उंचावूनच.

"मावशी, कमी आहे! एकदम कमी!"

आता आमच्याकडे कमी म्हणजे चांगलं. साखर कमी, प्रेशर कमी, चरबी कमी, त्यामुळे हेही कमी म्हणजे चांगलंच असणार. काउंटरवर आलेल्या परक्या माणसांनीसुद्धा तिचं अभिनंदन केलं. भावजयीने पेढे आणवले. त्या बाईने रंग वाचायच्या यंत्राला हात जोडले, मग भावाला जोडले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, तुम्ही कायतरी नाव ठेवा ना, मना बरं वाटंल."

मी म्हणाले, "पेढे जुने आहेत." ती हसत हसत गेली. मुंबईची तारीखही तशीच गेली.

दिवाळी झाली. त्यानंतर एका सकाळी कुरियरवाला डेंग्यूचं किट घेऊन आला. भावाने पेटी उघडून आत हात घातला आणि असा काही कडाडला की सुई टोचून घ्यायला बसलेला म्हातारा उठून उभा राहिला.

"बर्फ कुठाय? सगळं पाणी झालंय! गरम किटवर लोकांचे रिपोर्ट देऊ मी? माणसांच्या जिवाशी खेळ आहे हा! परत ने!"

कुरियरवाला बिचारा पेटी उचलून निघाला. मी काउंटरवरून पाहत होते. भाऊ खरंच छान चिडला होता, मला त्याचं कौतुक वाटलं. आणि कौतुक वाटता वाटताच मला ते नासलेलं दूध आठवलं.

"आणि दसऱ्याचं?" मी विचारलं.

"कसलं?"

"पाटावरचं. समईशेजारचं."

 भाऊ खुर्चीत बसला, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, किटबरोबर एक ओळखीचा नमुना येतो. त्याचं उत्तर आधीच माहीत असतं, तो गडद यायलाच हवा. तो फिकट आला होता. मला वाटलं, नवीन कंपनी आहे, यांचा रंगच तसा असेल."

मला राग आला. असा राग मला शाळेत तपासणीला येणाऱ्या साहेबांवरसुद्धा कधी आला नव्हता. अरे, डेंग्यूला बर्फ वितळला तर आकाशपाताळ एक करतोस, आणि कॅन्सरला हळदकुंकू लावून रात्रभर शेकत ठेवतोस? मी जे बोलले त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. भावजय जिन्यात उभी राहून रडत होती. मी तिलाही सोडलं नाही.

मुंबईच्या दवाखान्यात फोन लावला. एक तरुण डॉक्टरीण बोलली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण त्यांची गाठ तर आम्ही काढली आहे ना? गाठ काढल्यावर रक्तात काय मोजलंत तुम्ही?"

म्हणजे किट फ्रीजमध्ये बर्फासारखं राहिलं असतं तरी या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतंच. भावाने मूर्खपणा दोनदा केला होता, एकावर एक. पूजेच्या मूर्खपणाखाली मूळचा झाकला गेला होता.

"त्यांना घेऊन या," ती डॉक्टरीण म्हणाली. "तुकडा आमच्याकडे आहे. पण लवकर आणा."

आम्ही गाडी काढली. बॉनेटवर दसऱ्याची झेंडूची माळ अजून होती, वाळून काळी पडलेली. विवळवेढ्याचं महालक्ष्मीचं देऊळ मागे टाकून हायवेने तलासरी, तिथून आत. 

पाड्यावर भात झोडणं चाललं होतं. ती खळ्याच्या कडेला बसून लेकीला हुकूम सोडत होती. आम्हाला पाहून उठली, पाणी आणलं. भावाने पाण्याला हात लावला नाही. उभ्यानेच म्हणाला, "मावशी, रिपोर्ट चुकला. माझी चूक." एवढं तरी त्याने स्वतः सांगितलं.

तिला कळायला वेळ लागला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "पण बाई, मी तर नवस फेडला."

"कसला?"

"विवळवेढ्याच्या देवीला बोलले होते, रिपोर्ट बरा आला तर कोंबडा देईन. बरा आला. दिला कोंबडा. तिनं तिचं केलं, मी माझं केलं, मिटलं. आता जाऊन काय सांगू तिला? का तू केलंस ते खोटं?"

"तो देवीचा रिपोर्ट नव्हता," मी म्हणाले, "माझ्या भावाचा होता."

"मग कोंबडा कशाचा गेला?"

 भाऊ खळ्यातल्या पेंढ्याकडे बघत होता.

मुंबईला चल म्हटलं तर ती हलेना. ऑपरेशनला नवस बोलून गेले म्हणून जिवंत परत आले, म्हणाली, नवस न बोलता त्या दवाखान्यात पाय ठेवणार नाही. आणि एकदा फेडलेल्या गोष्टीसाठी परत देवीपुढे तोंड उघडणार नाही, तिला लाज आहे. लेक रडली, भाऊ हात जोडून उभा राहिला. ती घराच्या भिंतीला टेकून बसली. मी बघत होते. ती बारीक झाली होती. पळी आपटणारा तो हात खांद्यापासून जपून धरलेला होता. आणि मला एकदम भीती वाटली. या बाईशिवाय मी कोणाशी भांडू?

"मी बोलते नवस," मी म्हणाले.

ती खुदकन हसली. "तुम्ही? तुम्ही तर पोरांना सांगायच्या, देवाला कोंबडी देण्यापेक्षा स्वतः खा."

"म्हणूनच. आजवर तिच्याकडे काही मागितलेलं नाही, माझं ऐकेल ती."

"काय मागाल?"

"जास्त येऊ दे म्हणून."

"जास्त? दादा तर कमी म्हणजे बरं म्हणाले."

"दादाला काही कळत नाही. तुझा आजार मधल्यामध्ये लटकलाय. ते प्रथिन जास्त निघालं तर आजार तापट आहे, पण त्याला धरणारं औषध आहे. नाही निघालं तर ते औषध तुझ्या कामाचं नाही."

तिने विचार केला. मग गंभीरपणे म्हणाली, "मग नीट समजावून सांगा तिला. नाहीतर ती आपली सवयीनं कमी करून ठेवंल."

"सांगते. आणि कोंबडा देईन."

"कोंबडा तुम्हाला काय, बाजारातून आणाल. जड जाईल असं बोला."

मला जड जाईल असं काय आहे, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. ती वाट बघत होती. लेकही रडायची थांबली. मी विवळवेढ्याच्या दिशेला तोंड केलं, बहुधा चुकीच्याच, आणि मोठ्याने बोलले की प्रथिन जास्त येऊ दे, आणि जोवर हिची इंजेक्शनं चालू आहेत तोवर मी कुणालाही नावं ठेवणार नाही. माणसाला नाही, डाळीला नाही.

ती उठली, पाय धुतले, लुगडं बदललं आणि गाडीत जाऊन बसली.

तुकडा पुन्हा तपासला. जास्त आलं. फोनवर ती डॉक्टरीण जपून बोलत होती, ही वाईट बातमी कशी सांगावी म्हणून, आणि इकडे भाऊ 'जास्त आहे, जास्त आहे' म्हणत लॅबभर नाचला. मी काही बोलले नाही. नवस सुरू झाला होता.

इंजेक्शनं वर्षभर चालतात हे मला बोलण्याआधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते वर्ष कसं गेलं ते माझं मला माहीत. तो विक्रेता नवीन टाय लावून परत आला, मी त्याला चहा दिला. दसरा आला, भावजयीने या खेपेला फ्रीजच्या बंद दारावर बाहेरूनच हळदकुंकू लावलं, हँडलला माळ घातली आणि दिवसभर कुणालाही दूध काढू दिलं नाही. मी कोरा चहा प्याले. भाऊ अधूनमधून माझ्याकडे आशेने बघायचा, हिने एकदा झाडावं म्हणजे मोकळं होऊ. मी त्याला झाडलं नाही. त्याचाही नवस त्यातच फिटत असावा.

इंजेक्शनच्या दिवशी मी तिच्याबरोबर जात असे. ती डबा आणायची. भात आणि डाळ. मी खायची, आणि ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची. मी गिळायची आणि म्हणायची, "छान." प्रत्येक वेळी तिचा चेहरा पडायचा. एकदा म्हणाली, "बाई, तुम्ही छान म्हणता तवा मना वाटतं, मी मरायला टेकले."

गेल्या आठवड्यात शेवटचं इंजेक्शन झालं. नर्सने सुई काढून कापूस दाबला. डॉक्टरीण येऊन म्हणाली, आता फक्त तपासायला यायचं, सध्या सगळं ठीक दिसतंय. आम्ही बाहेर बाकावर बसलो. तिने डबा उघडला, माझ्या हातात दिला, आणि मी घास घेतला.

"खारट आहे," मी म्हणाले. "पातळ आहे, आणि पातळ असून खारट आहे. इतकी वर्षं झाली, तुला अजून जमत नाही."

तिने तोंडावर पदर धरला आणि ती रडायला लागली. शेजारच्या बाकावरची बाई माझ्याकडे रागाने बघत म्हणाली, "आजारी माणसाला असं बोलतात का?"

"ती आजारी नाही," मी म्हणाले आणि डबा संपवला.